बाकावरची चौथी जागा

आमच्या रोक्कासोर्बात पाहण्यासारख्या तीन गोष्टी आहेत, असं नगरपालिकेच्या माहितीपत्रकात लिहिलंय: किल्ल्याचा उरलेला बुरूज, संत एउसानिओचा चांदीत मढवलेला हात, आणि चौकातलं दगडी बाक. माहितीपत्रक मीच लिहिलेलं असल्यामुळे त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. बुरूज कबुतरांनी भरलाय. हात वर्षातून एकदाच, उत्सवाला बाहेर काढतात. राहिलं बाक. तेही धड दिसत नाही, कारण त्यावर कायम आठ म्हातारे बसलेले असतात.

बाक एकसंध दगडाचं, नगरपालिकेच्या कमानीखाली. पाचशे वर्षं बसून बसून त्यात आठ खळगे पडलेत आणि ते संगमरवरासारखे गुळगुळीत झालेत. खळगा रिकामा होतो तो मालक गेल्यावरच. यंदा फेब्रुवारीत चौथा खळगा रिकामा झाला. क्रेशेन्झो, वय वर्षं एक्क्याण्णव, अक्रोडाच्या झाडावरून पडून गेला. फेब्रुवारीत अक्रोडाच्या झाडावर तो काय करत होता, हे त्याला विचारायचं राहूनच गेलं.

चौथा खळगा सगळ्यांत चांगला. हिवाळ्यात दुपारपर्यंत ऊन, उन्हाळ्यात अकरानंतर सावली, आणि समोर दोमितिल्लाच्या कॉफीच्या दुकानात कोण शिरलं, कोण निघालं, कोण निघालंच नाही, हे मान न वळवता कळतं.

या बाकानं गाव वाचवलं, अशी आमची कथा आहे. सन १५२९. कप्तान गालेओत्तो आठशे भाडोत्री शिपाई घेऊन डोंगर चढून आला. गावचे तरुण नेहमीप्रमाणे मेंढरं घेऊन खाली पुलियाच्या कुरणांवर गेलेले. वेशीचा दरवाजा सताड उघडा, कारण त्याची बिजागरी लोहाराकडे होती. कप्तान थेट चौकात आला, तर समोर आठ म्हातारे बाकावर बसलेले. तीन दिवस ते हलले नाहीत की एक शब्द बोलले नाहीत. कप्तानाच्या मनात आलं, ज्या गावचे म्हातारे असे, तिथले तरुण कसे असतील! चौथ्या दिवशी फौज माघारी फिरली. हे सगळं कमानीवरच्या संगमरवरी फलकावर कोरलंय. तो मजकूरही माझाच.

म्हणून बाकावर बसायचं तर मौन पाळून दाखवावं लागतं. उत्सवाच्या दिवशी सकाळी दहाच्या घंटेपासून दुपारी बाराच्या घंटेपर्यंत उमेदवार आपल्या खळग्यात बसतो. हात गुडघ्यांवर, तोंड बंद. गावानं त्याला काहीही बोलावं, त्यानं हूं की चूं करायचं नाही. वय साठ पूर्ण हवं. मी चोपन्न वर्षांचा आहे, म्हणजे अजून पोरच. बोलला तो संपला, दुसरी संधी नाही. मग त्यानं उरलेलं आयुष्य दोमितिल्लाच्या दुकानाबाहेर, आइस्क्रीमची जाहिरात छापलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर काढायचं. तिथे सध्या तिघं आहेत. त्यांतला एक अकरा वाजून एकोणसाठ मिनिटांनी शिंकला आणि वर ‘माफ करा’ म्हणाला. शिंक चालली असती. सभ्यता नडली.

यंदाचा उमेदवार पान्फिलो. एकोणिसाव्या वर्षी तो झुरिकला गेला आणि एकेचाळीस वर्षं तिथे ट्राम चालवून सहा वर्षांपूर्वी परत आला. या सहा वर्षांत गावानं त्याला ‘स्विस’ असं नाव पाडलं. तिथे एकेचाळीस वर्षं त्याला ‘तो इटालियन’ म्हणत. मार्चमधल्या एका दुपारी तो मला म्हणाला होता, “मास्तर, मला अशी एक जागा पाहिजे, की जिथे मी बसलो तर कुणी विचारणार नाही, हा कोण.” एवढं बोलला आणि लगेच टोमॅटोच्या रोपांच्या विषयाकडे वळला. पण ते मी विसरलो नाही.

पान्फिलो मौनात सहज पास होणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. एकेचाळीस वर्षं ज्याच्या डोक्यावर ‘चालकाशी बोलू नये’ अशी पाटी होती, तो दोन तास काय, दोन वर्षंही गप्प बसेल. दोमितिल्ला तेवढी वेगळं म्हणायची. ती शाळेत त्याच्याच वर्गात होती. “अरे, ज्याच्याशी एकेचाळीस वर्षं कुणी बोललं नाही,” ती कप पुसत म्हणाली, “त्याच्या पोटात किती साठलं असेल!”

आता मला एक कबुली द्यायला हवी. मार्चमध्येच चर्चची जुनी बाप्तिस्म्याची वही वाळवीच्या तोंडातून काढताना मला तिच्या पुठ्ठ्यात चिकटवलेला एक कागद सापडला. कप्तान गालेओत्तोच्या कारकुनानं आपल्या मालकाला लिहिलेलं पत्र. ते मी तीनदा वाचलं, घडी घातली आणि शाळेच्या कपाटात, नकाशांच्या मागे ठेवून दिलं. शाळा बंद पडून नऊ वर्षं झाली. तिथे वाचनालय आणि दप्तरखाना आहे, आणि दोन्हींचा मी प्रमुख, शिपाई आणि एकमेव वाचक आहे. त्यामुळे गुपित सुरक्षित होतं. पत्रात काय होतं ते सांगतो, पण आधी उत्सव.

उत्सव सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी. त्याच दिवशी पलीकडच्या डोंगरावर कोल्लेमाग्रोतही संत एउसानिओचाच उत्सव असतो. त्यांचं म्हणणं, संताची तर्जनी त्यांच्याकडे आहे. आमच्याकडच्या हाताला पाची बोटं आहेत. ही गोष्ट आम्ही त्यांना चारशे वर्षं समजावतोय.

दहाची घंटा झाली. पान्फिलो निळा सूट घालून चौथ्या खळग्यात बसला, हात गुडघ्यांवर. त्याच्या उजव्या हाताला, पाचव्या खळग्यात, चेसिदिओकाका. वय अठ्ठ्याऐंशी, बाकाचे प्रमुख, जन्मभर खेचरं हाकत आलेले. नेमणूक कुणी केलेली नाही, पण त्यांनी टोपी डोक्यावर घातली की सात टोप्या चढतात.

“काय स्विस,” काकांनी सुरुवात केली, “सूट लग्नातला दिसतो. लग्न टिकलं नाही, सूट टिकला.”

पान्फिलो गप्प.

“तिकडे म्हणे गाईसुद्धा वेळेवर दूध देतात,” दुसऱ्या खळग्यातून आवाज आला. “आणि माणसं?”

“माणसं पावती देतात,” सहाव्यातून उत्तर.

अख्खा चौक हसला. पान्फिलोची मिशी हलली नाही. मग बायका आल्या. एकीनं त्याच्या आईच्या पोलेन्ताला, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीला, नावं ठेवली. ही माऊली वारून वीस वर्षं झाली होती, आणि तिच्या पोलेन्तात खरंच गुठळ्या असायच्या. फादर वेनान्झिओ झग्यातच आले आणि त्याला म्हणाले, “पोरा, तू शेवटचं पापनिवेदन कधी केलंस?” हा सरळसरळ अधिकाराचा गैरवापर होता. पान्फिलोनं डोळे मिटून घेतले. दोमितिल्लानं त्याच्या नाकाखाली गरम कॉफी धरली आणि विचारलं, “साखर एक की दोन?” उत्तर आलं नाही. मग ती कॉफी तिनंच प्यायली.

“दगड आहे मेला,” ती माझ्या शेजारी येऊन म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. ते लपवायला तिनं एप्रन झटकला.

साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. लोकांची बोलणी संपत आली. एवढं सगळं ऐकून घेणारा माणूस गावात आजवर झाला नव्हता. सळयांवर मेंढीचं मांस भाजायला सुरुवात झाली होती आणि धूर सरळ बाकावर येत होता. मी मनातल्या मनात त्याचं नाव चौथ्या खळग्यावर लिहूनही टाकलं.

अकरा अठ्ठेचाळीसला वेशीतून एक बस आत आली.

बस कसली, गलबतच. पांढरीशुभ्र, बारा मीटर लांब, आणि आत पांढऱ्या टोप्या घातलेले चाळीस वादक. खालच्या सपाटीवरचा हा बँड कोल्लेमाग्रोनं उत्सवासाठी बोलावला होता. त्यांच्या नेहमीच्या रस्त्यावर दरड कोसळलेली, म्हणून ड्रायव्हर आमच्या बाजूनं चढला. मोबाइलला आमच्याकडे रेंज नाही. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. बिचारा घामाघूम झाला होता.

“नमस्कार मंडळी! कोल्लेमाग्रोला कसं जायचं?”

सगळा चौक बाकाकडे वळला. रस्ता सांगणं हा बाकाचा मान. चेसिदिओकाकांनी काठी उचलली.

“वरच्या अंगानं जा. धुण्याच्या हौदापासून उजवीकडे वळलास की खिंड. खिंड उतरलास की कोल्लेमाग्रो, देव त्यांचं भलं करो.”

“बस जाईल ना?”

“अरे, बारा खेचरांचा तांडा नेलाय मी तिथून! भरलेली खेचरं!”

ड्रायव्हरनं गिअर टाकला. माझी नजर पान्फिलोवर होती. त्याचे मिटलेले डोळे उघडले. त्यानं बसची पुढची चाकं पाहिली, मागची पाहिली, दोन्हींमधलं अंतर डोळ्यांनी मोजलं. मग हौदाच्या दिशेनं पाहिलं. हौदाजवळचं वळण म्हणजे एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ऐंशी मीटर नुसती हवा, आणि खाली कुणाची तरी द्राक्षं.

अकरा एकोणपन्नास. पान्फिलोनं आधी भुवया उंचावल्या. कुणी बघितलं नाही. त्यानं ड्रायव्हरकडे बघून मान हलवली. ड्रायव्हरला वाटलं, म्हातारा आशीर्वाद देतोय. त्यानंही मान हलवली. बस एक हात पुढे सरकली. पान्फिलोच्या गुडघ्यांवरची बोटं पांढरी पडली.

“थांब!”

सगळ्या माना चौथ्या खळग्याकडे वळल्या. मांसाची चरबी निखाऱ्यावर चुरचुरत होती.

“थांब रे गाढवा! ब्रेक मार!” पान्फिलो उभा राहिला. “हौदापाशी तुझं मागचं टोक बाहेर जाईल! पुढची चाकं भिंतीला घासतील आणि मागचे तुझे ढोलवाले हवेत! माणसं बसवलीयत ना आत, का बटाटे?”

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. आत कुठेतरी एक झांज पडली आणि बराच वेळ घरंगळत राहिली.

“बारा खेचरं गेलीयत तिथून!” चेसिदिओकाका गरजले.

“खेचरं वळतात, काका! बस वळत नाही!”

“कुठलं खेचर मधोमध वळतं रे? अठ्ठ्याऐंशी वर्षांत पाहिलं नाही!”

“एक खेचर नाही हो, बारांची रांग वळते! तुमच्या त्या बारा खेचरांना एकाच लाकडी फळीला बांधा आणि मग न्या हौदावरून! मी बघायला येतो!”

“एकेचाळीस वर्षं रुळांवरून गाडी चालवली यानं,” काका चौकाला म्हणाले, “आणि हा मला वळण शिकवतोय! ट्रामला स्टिअरिंग तरी असतं का?”

“नसतं! म्हणूनच वळण आधी बघावं लागतं!”

“त्यापेक्षा खालून जावं, गिरणीवरून,” दुसऱ्या खळग्यानं तोंड घातलं.

“गिरणीचा पूल? त्यावरून बकरी गेली तर पूल माफी मागतो,” सहावा म्हणाला.

“पूल मजबूत आहे. माझ्या आजोबांनी बांधलाय.”

“म्हणून तर!”

मग आठही जण उभे राहिले. काठ्यांनी धुळीत नकाशे निघाले. खिंड, गिरणी, जुनी मेंढरांची वाट, आणि एक रस्ता जो सत्तेचाळीसच्या पुरात वाहून गेला हे सातव्या खळग्याला अजून मान्य नव्हतं. पान्फिलो सगळ्यांवर ओरडत होता. बसची लांबी, चाकांतलं अंतर, उताराचा कोन, झुरिकच्या बर्फाची एक हकिगत, तिथून त्याच्या घरमालकिणीची एक हकिगत. दोमितिल्लाचं खरं होतं, साठलेलं फुटलं होतं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. वादक एकेक करून उतरले आणि भाजणाऱ्या मांसाच्या भोवती, सहज उभं राहावं तसे उभे राहिले.

बाराची घंटा वाजली.

पहिल्या टोल्याला कुणाचं लक्ष नव्हतं. चौथ्या टोल्याला पान्फिलोचं वाक्य अर्ध्यात तुटलं. बाराव्या टोल्यापर्यंत सगळे गप्प झाले होते.

“बोललास,” चेसिदिओकाका म्हणाले. त्यांचा आवाज दुष्ट नव्हता.

“बोललो.”

पान्फिलोनं सुटाचं बटण लावलं आणि चौक ओलांडून समोर गेला. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या तिघांनी त्याच्यासाठी चौथी खुर्ची ओढून दिली. शिंकणाऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पान्फिलो बसकडे बघत होता. बस चौकात उभी होती, चारही चाकं जमिनीवर.

मी शाळेकडे निघालो. पळालो म्हणणं जास्त खरं होईल, पण चोपन्नाव्या वर्षी त्याला चढ चढणं म्हणतात. नकाशांच्या मागून कागद काढला आणि परत आलो.

“काका, हे ऐका,” मी म्हणालो. दम लागल्यामुळे ते अपेक्षेपेक्षा गंभीर वाटलं. “कप्तानाच्या कारकुनाचं पत्र आहे. खरं आहे, मी तपासलंय.”

आणि मी वाचलं. ‘या गावी आम्ही रस्ता विचारला. बाकावर आठ वृद्ध बसले होते. पहिल्यानं वरचा रस्ता सांगितला, दुसऱ्यानं खालचा. मग ते एकमेकांशी भांडू लागले ते तीन दिवस थांबले नाहीत. जेवतानाही बोलत होते. आमच्या शिपायांत दोन तट पडले, काही वरच्या रस्त्याचे, काही खालच्या. चौथ्या दिवशी कप्तानसाहेबांचं डोकं इतकं दुखू लागलं, की त्यांनी आल्या वाटेनं परत फिरण्याचा हुकूम दिला.’

मी मान वर करून पाहिलं नाही. फलकावरची सोनेरी अक्षरं माझ्या मानेवर ऊन फेकत होती.

“म्हणजे,” दोमितिल्ला म्हणाली, “आपले म्हातारे गप्प नव्हते.”

“एक क्षणही नाही.”

“आणि मग हे मौनाचं खूळ?”

चेसिदिओकाका खोकले. “ते माझ्या पणजीनं आणि तिच्या मैत्रिणींनी काढलं. आयुष्यात दोन तास तरी नवऱ्यानं गप्प बसावं, म्हणून.” त्यांनी काठी वाजवली. “मास्तर, तुला काय वाटलं, आम्हाला माहीत नव्हतं? माझ्या आजोबांनी मला सांगितलंय. या गावचे आठ पुरुष आणि तीन दिवस गप्प? फलक लागला तेव्हा आम्ही वाचला. म्हटलं, मास्तरनं मेहनत घेतलीय, राहू दे.”

बारा वर्षं तो फलक तिथे आहे. बारा वर्षं दररोज त्याखाली बसून ते मला नमस्कार करत होते.

“पण एक सांग,” काकांनी डोळे बारीक केले. “कप्तान रस्ता कुठला विचारत होता?”

हाच तो प्रश्न, ज्यासाठी कागद सहा महिने नकाशांच्या मागे होता. मी पत्राची घडी घातली.

“कोल्लेमाग्रोचा,” मी हळूच म्हणालो.

काकांनी टोपी काढली. बराच वेळ त्यांनी टोपीच्या आत पाहिलं, जणू पाचशे वर्षांचा तोटा तिथे लिहिला होता. “म्हणजे आपण त्यांना वाचवलं.”

“हो.”

“फुकट.”

“हो, काका.”

“हे वाक्य,” ते म्हणाले, “वाळवीनं खाल्लंय. समजलं?” माझ्या उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. टोपी चढली, मागोमाग सहा टोप्या चढल्या, आणि त्यांनी काठी प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे रोखली. “ए पान्फिलो! तिथे काय आइस्क्रीम विकतोयस का? ऊठ! पूल मजबूत आहे का नाही, ते ठरायचंय अजून!”

काकांनी त्याला नावानं हाक मारली होती. बहुधा फक्त माझ्याच लक्षात आलं. नाही, दोमितिल्लाच्याही आलं, कारण ती एकदम आत गेली आणि भांडी जोरात आपटू लागली.

पान्फिलो आला, बसला, किंचित सरकला. क्रेशेन्झो सडपातळ होता.

“मावत नाही का?” सहाव्यानं विचारलं.

“कोपऱ्याला लागतंय जरा.”

“तीस वर्षांत बसेल.”

बँडनं जेवणाची थाळी रिकामी करून आमच्याच चौकात वाजवायला घेतलं. कोल्लेमाग्रोत त्या दिवशी म्हणे फादरांनी हार्मोनियमवर भागवलं. आम्हाला फार वाईट वाटलं, संध्याकाळपर्यंत त्यावर हसू आवरत नव्हतं.

सहाच्या सुमाराला ड्रायव्हर बाकापुढे उभा राहिला. या वेळी त्यानं काही विचारलं नाही, शहाणा माणूस. पान्फिलोच उठला. बारा मीटर बस मागे घेत वेशीतून बाहेर काढायची, म्हणजे मांजराला बाटलीतून काढण्यासारखं. तो बसच्या मागे उभा राहिला आणि नुसते हात हलवू लागला: थोडं डावीकडे, अजून, थांब, ये, ये. एक शब्द नाही. पांढरं गलबत इंच इंच करत वेशीच्या कमानीखालून सरकलं, कुठेही न घासता, आणि तो त्याच्यापुढे उलटा चालत वेशीबाहेर, थेट खालच्या वळणापर्यंत गेला.

परत यायला त्याला अर्धा तास लागला. उत्सवाची गर्दी, पाहुणे, नाचणारी मंडळी, बसायला जागा शोधत फिरणाऱ्या म्हाताऱ्या. बाकावर सात जण बसले होते आणि वाद गिरणीच्या पुलावर आला होता. चौथा खळगा रिकामा होता. जागा धरायला त्यावर कुणी रुमालसुद्धा टाकला नव्हता. रुमाल परक्यांच्या जागेवर टाकावा लागतो.

तो बसला आणि म्हणाला, “पूल पडणार.”